सोरायसिस असलेल्यांना हार्ट अटॅकचा धोका खरंच जास्त असतो का?

हो, असतो, विशेषतः सोरायसिस तीव्र आणि वय कमी असेल तर. चट्टे कातडीवर दिसतात, पण टीएनएफ, आयएल-१७ सारखी दाह पेटवणारी प्रथिनं रक्तातून फिरतात आणि धमन्यांच्या आतल्या अस्तरालाही सोडत नाहीत. ब्रिटनमधल्या रुग्णनोंदींवरच्या २००६ च्या अभ्यासात तीव्र सोरायसिस असलेल्या तिशीतल्या रुग्णाला हा धोका सुमारे तिप्पट आढळला, साठीत साधारण १.३६ पट. अर्थात तिप्पट ऐकून धसका घेऊ नका, तिशीत मुळातला धोकाच अगदी थोडा असतो. आणि चट्टे कोपर-गुडघ्यापुरते असतील तर वाढ आणखी कमी. बीपी, साखर, लिपिड प्रोफाइल (रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी) मात्र करून घ्या, त्वचेच्या डॉक्टरांनी सांगायची वाट न बघता.