‘वाटायलाच हवी’ मधला ‘च’

मी समुपदेशक आहे. रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर, अग्निशमन दलातले जवान, कॅज्युअल्टीतल्या सिस्टर माझ्याकडे येतात आणि शब्द फिरवून एकच विचारतात : रस्त्यावरच्या बेवारस माणसाला उचलताना दया येत नाही, चीड येते. मी निर्दयी झालोय का? त्यांतल्याच एकाची ही हकिगत, त्याच्या परवानगीनं आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून.

तो 108 क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर डॉक्टर. 2014 पासून राज्यभर धावणाऱ्या या गाड्यांवर बीएएमएस, बीएचएमएस झालेली तरुण मुलं असतात, सोबत पायलट, म्हणजे चालक. उड्डाणपुलाखालच्या एकाच म्हाताऱ्यासाठी त्याला दोन महिन्यांत चौथ्यांदा कॉल आला होता. दारू, पायाला जखम, जखमेत अळ्या. रुग्णालयात नेलं की “पुन्हा हाच आणलात?” आणि चार दिवसांनी म्हातारा परत पुलाखाली.

“चौथ्या वेळी मनात आलं, आपण पोचेपर्यंत हा गेलेला असला तर बरं,” एवढं बोलून त्यानं मान खाली घातली.

मी धीर दिला नाही. धीर दिला असता तर त्यानं तो विचार पुन्हा आत ढकलला असता. विचारलं, “पोचल्यावर काय केलंत? क्रमानं सांगा, डॉक्टर.”

“शुगर बघितली, 42. ग्लुकोज दिलं. जखमेवर टर्पेंटाइनचा बोळा ठेवला, त्यानं अळ्या वर येतात. स्ट्रेचरवर घेतलं. गाठोडं आत ठेवलं.”

“गाठोडं? तसा नियम आहे?”

“छे! ते मागे राहिलं तर शुद्धीवर आल्यावर त्याच्यासाठी वॉर्डातून पळतो हा. तिसऱ्या वेळी पळाला होता.”

बोलता बोलता तो थांबला. मीही गप्प राहिले. या दोन-तीन मिनिटांसाठी मी हे काम करते.

“राग आला होता ना तेव्हा?”

“खूप.”

“आणि गाठोडं आठवलं.”

“पण मॅडम, डॉक्टर म्हणून दया वाटायलाच हवी ना?”

“वाटली तर उत्तमच. पण ‘वाटायलाच’ मधला ‘च’ कुणी घातला?”

माझं निम्मं काम या एका अक्षराशी चालतं. दुर्गंधी आली की नाक आक्रसतं, तेच तेच काम पुढ्यात आलं की चीड येते. ते कुणाच्या हातात नसतं. ‘असं वाटता कामाच नये’ हा हुकूम मात्र आपणच आपल्याला सोडतो, आणि खचवतो तो हुकूम.

त्याचा दुसरा ‘च’ शोधायला आणखी तीन बैठका लागल्या : मी बरा केलेला माणूस परत पुलाखाली येताच कामा नये. पण कोरडी जागा, पाणी, रोजचं ड्रेसिंग यांशिवाय पायाची जखम भरणार कशी? शहरात लाखभर वस्तीमागे किमान शंभर जणांचा रात्रनिवारा असावा, असा निकष केंद्राच्या नागरी उपजीविका अभियानानं ठरवला होता. तसे निवारे आपल्या शहरांत पुरेसे आहेत का, हा प्रश्न त्या म्हाताऱ्यावर चिडून सुटणारा नव्हता. त्यानं रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांना गाठलं, डिस्चार्जच्या आधीच निवाऱ्याचं बोलायला लागला.

तुम्हीही या कामात असाल तर मनात काय येतं यापेक्षा हातांकडे लक्ष ठेवा. उचलताना हिसका बसतोय, पेशंटला शिवी जातेय, कॉल आल्यावर मुद्दाम रेंगाळताय, असं दिसलं तर लगेच वरिष्ठांशी बोला, रजा मागा, मदत घ्या. अशा वेळी वाट बघून चालत नाही. एरवी कॉल संपल्यावर हातपाय धुवा, चहा घ्या, आणि सोबत्याजवळ “वैतागलो” एवढं उघड म्हणा.

शेवटच्या भेटीत तो म्हणाला, “परवा पुन्हा त्याचाच कॉल होता. चिडलो, मॅडम. स्ट्रेचर ओढेपर्यंत गाठोडं पायलटनं आधीच आत नेऊन ठेवलं होतं.”