कायद्यातील पीएच.डी.: शुल्क, शिष्यवृत्ती आणि प्रवेशाचे दार

प्रश्न: मी नांदेडला वकिली करतो, खुल्या प्रवर्गातील आहे, वय ३१ आहे आणि एलएल.एम. झालो आहे. पीएच.डी.चे शुल्क मला परवडेल, पण घरचे म्हणतात की एवढ्यावर भागत नाही. शिवाय जेआरएफचे (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचे) वयही निघून गेले आहे. काय करावे?

उत्तर: घरच्यांचे म्हणणे योग्य आहे. सरकारी विद्यापीठांत शुल्काचा आकडा हा एकूण खर्चाचा लहानसा भाग असतो. मोठा भाग म्हणजे पूर्णवेळ संशोधनासाठी सोडावी लागणारी वकिलीची कमाई, आणि हा काळ युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार किमान ३ व साधारणतः कमाल ६ वर्षांचा असतो. पुस्तके, ग्रंथालयांसाठीचे प्रवास, छपाई आणि बांधणी हे त्यानंतरचे. संशोधन-लेख छापून आणण्याची सक्ती मात्र या नियमांत उरलेली नाही, त्यामुळे पैसे घेऊन लेख छापणाऱ्या नियतकालिकांच्या मागे लागू नका. आपल्या विद्यापीठाचा स्वतंत्र नियम तेवढा तपासा.

वयाबाबत तुमचा गैरसमज आहे. जेआरएफची सर्वसाधारण मर्यादा ३० वर्षांची असली, तरी एलएल.एम. पदवीधारकांना ३ वर्षांची सवलत मिळते. ही अधिछात्रवृत्ती जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये आहे, घरभाडे भत्ता वेगळा. ती पूर्णवेळ संशोधकासाठी असते, म्हणून अर्धवेळ पीएच.डी. आणि वकिली असा मार्ग निवडल्यास तिचा हिशेब धरू नये.

प्रश्न: आमच्या विद्यापीठात यंदा कायद्याच्या पीएच.डी.साठी माझ्या प्रवर्गाची एकही जागा निघाली नाही. आरक्षण असूनही असे का व्हावे? (विद्यार्थिनी, बीड)

उत्तर: पीएच.डी.च्या जागा वर्गखोलीच्या क्षमतेवर नव्हे, तर मार्गदर्शकांच्या संख्येवर ठरतात. एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहाय्यक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी असू शकतात. अध्यापकांची पदे रिक्त राहिली की जागा घटतात, आणि दोन-तीन जागांवर टक्केवारीचे आरक्षण लावले की एखाद्या प्रवर्गाच्या वाट्याला त्या वर्षी काहीच येत नाही. म्हणून विधी विभागांतील पदभरती हा माझ्या मते सामाजिक न्यायाचाच प्रश्न आहे.

दुसरा अडथळा पैशाचा. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने डॉ. आंबेडकरांना १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट सोडून परतावे लागले होते. मुंबईत प्राध्यापकी करून, शाहू महाराजांची मदत आणि मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये परत गेले. हे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण बुद्धी असूनही पैशाअभावी संशोधन थांबते हे आजही घडते. वनहक्क, जमीन, कंत्राटी मजुरी या कायद्यांचा अनुभव ज्या घरांत आहे, त्या घरांतील मुलांनी प्रबंध लिहिले नाहीत, तर कायद्याच्या अभ्यासाचे मोठे नुकसान होते. तुम्ही अनुसूचित जातीच्या असाल तर ‘बार्टी’, मराठा-कुणबी समाजाच्या असाल तर ‘सारथी’, इतर मागासवर्गीय असाल तर ‘महाज्योती’ या राज्य शासनाच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्तीच्या जाहिराती पाहत राहा. या योजनांसाठी पीएच.डी.ची नोंदणी आधी लागते, म्हणून पहिले काही महिने स्वतःच्या पैशांवर काढण्याची तरतूद ठेवा.

प्रश्न: पीएच.डी.चे चौथे वर्ष सुरू आहे आणि मी गरोदर आहे. नोंदणी रद्द होईल का?

उत्तर: नाही. २०२२ च्या नियमांत प्रसूती व बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजेची तरतूद आहे. शिवाय ६ वर्षांनंतर पुनर्नोंदणीने २ वर्षे आणि महिलांना आणखी २ वर्षे मिळू शकतात. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि पुनर्नोंदणीचे शुल्क किती पडेल हे आताच विचारून ठेवा.