वाचकांचे प्रश्न : लॉइटरमध्ये घिरट्या घालणारा ड्रोन

प्रश्न : मी सुटे भाग जोडून चार पंख्यांचा ड्रोन तयार केला आहे. त्यावर एपीएम २.८ हा जुना फ्लाइट कंट्रोलर, म्हणजे उड्डाण सांभाळणारा बोर्ड असून आर्डूपायलट ही मुक्तस्रोत प्रणाली चालते. हाताने उडवताना तो उत्तम उडतो. मात्र एका जागी स्थिर राहण्याच्या लॉइटर मोडवर टाकला की एका जागी थांबण्याऐवजी गोल फिरू लागतो आणि वर्तुळ मोठे होत जाते. उपग्रह पुरेसे दिसतात. तरीही जीपीएस बदलावा लागेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जीपीएस बदलण्याची घाई करू नये. आपण वर्णन केलेली लक्षणे बहुधा होकायंत्राच्या चुकीची आहेत. लॉइटरमध्ये जीपीएस फक्त ‘आपण दोन मीटर उत्तरेला सरकलो’ एवढेच सांगतो. दक्षिणेला परतण्यासाठी ड्रोनने कोणत्या बाजूला झुकायचे, हे नाक कोणत्या दिशेला आहे यावर ठरते आणि ती दिशा होकायंत्राकडून येते. तिथे तीस-चाळीस अंशांची चूक असेल, तर प्रत्येक दुरुस्ती थोडी तिरकी होते, ती तिरकी चाल सुधारण्यासाठी केलेली पुढची दुरुस्तीही तिरकीच होते आणि सरळ परतण्याऐवजी ड्रोन घिरट्या घालू लागतो. छंदिष्ट मंडळी याला ‘टॉयलेट बोल’, म्हणजे पाणी गोल फिरवणारे शौचकूपाचे भांडे, म्हणतात. नाव फारसे सभ्य नसले तरी चित्र अचूक आहे.

आपल्या बोर्डाबाबत माझा पहिला संशय एका लहानशा जंपरवर, म्हणजे दोन पिना जोडणाऱ्या टोपीवर आहे. एपीएम २.८ च्या बोर्डावरच एक होकायंत्र असते आणि जीपीएसच्या डबीतही बहुधा दुसरे असते. बाहेरचे वापरायचे असेल, तर बोर्डावरचा तो जंपर काढावा लागतो. तो तसाच राहिला, तर मोटारींना वीज पुरवणाऱ्या जाड तारांजवळचे, त्यांच्या चुंबकीय क्षेत्राने बिथरणारे आतले होकायंत्रच वापरले जाण्याची शक्यता असते. माझ्या पहिल्या ड्रोनवर मी हीच चूक केली होती आणि दोन रविवार पीआयडीचे, म्हणजे ड्रोनने किती जोराने दुरुस्ती करायची हे ठरवणारे आकडे बदलण्यात घालवले होते.

जंपर काढल्यावर जीपीएसची डबी दांडीवर दहा-बारा सेंटिमीटर उंच बसवावी, तिच्यावरचा बाण नाकाच्या दिशेला असल्याची खात्री करावी आणि बॅटरीच्या लाल-काळ्या तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावा. होकायंत्राचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची अचूकता जुळवून घेण्याचे काम, गच्चीवर करू नये, कारण स्लॅबमधल्या सळ्या होकायंत्राला फसवतात. त्यासाठी मोकळे मैदान गाठावे आणि खिशातला मोबाइल दूर ठेवावा. पुढच्या चाचणीत वर्तुळ दिसू लागताच ताबडतोब ऑल्टहोल्ड या फक्त उंची राखणाऱ्या मोडवर यावे. त्यात जागा धरून ठेवण्याचे काम नसल्यामुळे घिरट्या थांबतात.

प्रश्न : नवीन बोर्ड घ्यायचा झाल्यास पिक्सहॉक घ्यावा की आर्डूपायलट? बीटाफ्लाइट चालेल का?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : पिक्सहॉक हा बोर्ड आहे आणि आर्डूपायलट ही त्यावर चालणारी प्रणाली, त्यामुळे यात निवड करावी लागत नाही. गोंधळाचे कारण असे, की झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठात लोरेन्झ मायर आणि सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या पिक्सहॉक प्रकल्पातूनच पुढे पीएक्स४ ही वेगळी प्रणालीही आली आणि पिक्सहॉक बोर्डावर दोन्ही चालतात. बीटाफ्लाइट मुख्यतः शर्यतीच्या, हाताने उडवायच्या ड्रोनसाठी आहे. नकाशावर बिंदू देऊन शेताची पाहणी करायची असेल, तर आर्डूपायलट किंवा पीएक्स४ घ्यावे.

एपीएम मात्र आता घेऊ नये. त्यावरचा ८ बिटांचा प्रोसेसर केवळ १६ मेगाहर्ट्झवर चालतो आणि कॉप्टरसाठीची ३.२.१ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती आहे. एफ४०५ या प्रोसेसरच्या स्वस्त बोर्डांवर फ्लॅश मेमरी १ मेगाबाइटच असल्याने आर्डूपायलटमधल्या काही सोयी गाळलेल्या असतात; एच७४३ या प्रोसेसरच्या बोर्डांवर २ मेगाबाइट मिळते. प्रकल्पासाठी थोडे जास्त पैसे खर्च करणे परवडत असेल, तर मी एच७४३ चाच बोर्ड घेईन.

पुढे हा ड्रोन विकण्याचा विचार असेल, तर परवानाही पाहावा. आर्डूपायलट जीपीएल ३ या मुक्तस्रोत परवान्याखाली असल्याने त्यात बदल करून ड्रोन विकल्यास त्या बदलांचा सोर्स कोड ग्राहकाला उपलब्ध करून द्यावा लागतो. पीएक्स४ च्या बीएसडी परवान्यात ही अट नाही.