ऑफसेटचे पैसे भरू नका, आणि भरलेच तर निदान मिरवू नका

तुम्ही विचारलंय की मुंबई-लंडन तिकीट काढताना शेवटी 'कार्बन ऑफसेट करा' (म्हणजे आपल्या विमानाच्या धुराच्या बदल्यात दुसरीकडं धूर कमी करणाऱ्या प्रकल्पाला पैसे द्या) म्हणून काहीशे रुपयांचा चौकोन येतो, तो टिक करावा का, त्यानं खरंच काही होतं का, की त्यापेक्षा गावाकडं झाडं लावलेली बरी. टिक करू नका. हे पैसे ज्या टोकाला पोचतात त्या टोकाला मी नोकरी केलीय म्हणून एवढं ठाम सांगतोय.

२००५ नंतरची जी पवनचक्क्यांची तेजी होती त्या काळात मी साइटवर मेंटेनन्सला होतो, सातारा-सांगलीकडच्या पठारांवर. लोकांना लांबून एक सलग पवनचक्क्यांची रांग दिसते, पण प्रत्येक मशीनचा मालक वेगळा असायचा, कुणी कापडवाला, कुणी सराफ, कुणी बिल्डर. हे मालक कधीतरी फॅमिली घेऊन यायचे, गाडीतून उतरलं की पहिला प्रश्न "आमची कुठली?" मग आम्ही नंबर बघून दाखवायचो, टॉवरच्या दाराला हार, खाली नारळ, फोटो, आणि येताजाता सज्जनगड नाहीतर ठोसेघरचा धबधबा. किती युनिट झाली हे विचारणारा एखादाच. कारण त्यांना वीज नको होती, घसारा पाहिजे होता, म्हणजे मशीन झिजते म्हणून टॅक्सच्या हिशोबात मिळणारी वजावट. त्या वेळी पवनचक्कीवर पहिल्याच वर्षी ८० टक्के डेप्रिसिएशन मिळायचं, म्हणजे धंद्यात नफा झाला असेल तर तो मशीनमध्ये घाला आणि टॅक्स वाचवा, एवढा सरळ हिशोब.

आता गंमत बघा. मशीन वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर घसारा निम्माच मिळतो, म्हणून सप्टेंबरअखेरच्या आत ते चालू झालेलं दाखवायचं. आमच्याकडं वारा कधी? जून ते सप्टेंबर. म्हणजे वर्षाचा सगळा मलिदा वाहून गेल्यावर, वारा पडायच्या टायमाला आमची मशीन उभी राहायची. पठारावर धुकं एवढं की टॉवरचं वरचं टोक दिसत नाही, क्रेन चिखलात रुतलीय, ब्लेडचा ट्रेलर घाटात वळणावर अडकलाय आणि मागं एसटीची रांग लागलीय, आणि पुण्याहून फोनवर फोन की तारीख चुकली तर पार्टी पैसे अडवेल. वीज विकायची म्हणून कुणी पवनचक्की लावत असता तर वारा सुटायच्या आधी, मे महिन्यात लावली असती. हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही.

अशी मशीन फिरायला लागून बरेच दिवस झाले होते आणि मग निरोप आला की कार्बनवाले येणारेत. हवामान बदलावरच्या क्योटो करारातली ती सीडीएम योजना, तिच्यात प्रकल्प नोंदवायचा, क्रेडिट घ्यायची, म्हणजे एक टन कार्बन वाचवल्याची एक पावती, आणि ती परदेशात विकायची. त्यासाठी गावकऱ्यांशी चर्चा झाल्याचा कागद लागतो. झेडपीच्या शाळेत सतरंज्या टाकल्या, चहा आणि बिस्किटाचे पुडे, आणि हजेरीचं रजिस्टर सगळ्यांच्या हातातून फिरवलं. कन्सल्टंट इंग्रजीत बोलत होता, मराठी करून सांगायला मी. हवामान बदल वगैरे मला जमेल तसं सांगितलं. त्यावर एक आजोबा उठले आणि म्हणाले, "पंखं आमच्या डोक्यावर फिरत्यात, मग आमच्यातली लाइट का जातीया?" तेव्हा खेड्यात बारा-बारा तासाचं लोडशेडिंग होतं. दुसऱ्यानं रस्त्याचं विचारलं, तिसऱ्यानं पोराला वॉचमन म्हणून घेता का विचारलं. मी सगळं जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं, कन्सल्टंटनं मान हलवली. नंतर अहवाल बघायला मिळाला, त्यात लिहिलेलं की ग्रामस्थांनी प्रकल्पाचं स्वागत केलं आणि कोणतीही हरकत आली नाही.

ते एक वेळ सोडून देऊ. खरी मेख वेगळीच आहे. क्रेडिट मिळायला तुम्हाला दाखवावं लागतं की कार्बनचे पैसे मिळणार नसते तर हा प्रकल्प झालाच नसता. कागदावर ते व्यवस्थित बसवलेलं, परतावा इतका कमी की या पैशाशिवाय कुणी हात लावला नसता म्हणे. आणि ज्यांनी हात लावला होता त्यांच्या मशीनपुढं मी स्वतः नारळ फोडलेत, त्यातल्या बऱ्याच जणांना कार्बनचा क माहीत नव्हता. भारतातल्या पवन प्रकल्पांवरचा २०२१ चा एक अभ्यास आहे, त्यात निघालं की निदान ५२ टक्के क्रेडिट अशा प्रकल्पांना गेली जे तसेही उभे राहिलेच असते. मी तिथं होतो, मला हा आकडा कमीच वाटतो.

आता दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर नेदरलँड्सला असतात, आयटीत. एका दिवाळीला आले होते तेव्हा अंगणात माझ्या बोलेरोकडं बघून म्हणाले, अजून डिझेलच का? मग आईला, न्हाणीतला बंब लाकडावर का पेटवता, किती धूर होतो. मी म्हटलं दाजी तुम्ही आला कसे, चालत? तर म्हणे, मी माझ्या फ्लाइटचं ऑफसेट करतो, मी न्यूट्रल आहे. आणि वर सर्टिफिकेट दाखवलं मोबाइलवर, त्यात कुठला प्रकल्प, तर भारतातला पवनऊर्जेचा! मला हसावं का रडावं कळेना. मी म्हटलं, हे म्हणजे आपण मटण खायचं आणि माळकऱ्याला शंभर रुपये देऊन सांगायचं की माझ्या वाटची एकादशी तू धर. अहो तो जन्माची धरतोय.

त्यावर दाजींचा मुद्दा होता, आणि तो वरवर बघता बरोबर वाटतो म्हणून सांगतो. २०१२ च्या मार्चअखेर सरकारनं तो जादा घसारा काढून घेतला, युनिटमागचं अनुदानही बंद केलं, आणि पुढच्या वर्षी देशातली नवीन पवनऊर्जा ३२०० मेगावॉटवरून १७०० वर आली. मी म्हणतो हा घसाऱ्याचा परिणाम. दाजी म्हणाले, कार्बन क्रेडिटचे भावही २०१२ लाच कोसळले, मग कशावरून त्याचा परिणाम नाही? तेव्हा मला उत्तर सुचलं नाही, जेवणं झाली, विषय राहिला. आता देतो. २०१४ ला घसारा परत आणला, कार्बनचा भाव मात्र तसाच मातीमोल होता, एका टनाला एक युरोसुद्धा नाही. तरी पवनचक्क्या परत वाढत गेल्या आणि २०१६-१७ ला तर साडेपाच हजार मेगावॉटचा विक्रम झाला. कार्बनच्या पैशाशिवाय होत नाही म्हणत होता ना? झालं की.

दाजी म्हणतात आता सगळं सुधारलंय. सुधारलंय म्हणजे काय, तर वीजग्रीडला जोडलेले असले नवीन प्रकल्प भारतासारख्या देशातून घेणं व्हेरा आणि गोल्ड स्टँडर्ड या मोठ्या नोंदणी संस्थांनीच २०२० च्या आसपास बंद केलं, आणि २०२४ ला क्रेडिटचा दर्जा तपासणाऱ्या आयसीव्हीसीएम मंडळानं जुन्या पद्धतीच्या अक्षय ऊर्जा क्रेडिटना आपला शिक्का द्यायला नकार दिला. मग लोक जंगलाच्या, म्हणजे जंगलतोड थांबवल्याच्या क्रेडिटकडं वळले, तर २०२३ ला गार्डियन, जर्मनीतलं दी त्साइट आणि सोर्समटेरियल ही शोधपत्रकारिता संस्था यांनी मिळून दाखवलं की व्हेराच्या वर्षावनांच्या क्रेडिटपैकी ९० टक्क्यांहून जास्त पोकळ आहेत. व्हेरानं ते मानलं नाही, पण बाजार हलला तो हललाच. ईझीजेट विमानकंपनीनं २०१९ ला आपल्या सगळ्या फ्लाइटचं ऑफसेट सुरू केलं होतं आणि २०२२ ला गुंडाळलं. आणि दाजींच्याच अॅमस्टरडॅममधल्या कोर्टानं मार्च २०२४ मध्ये केएलएम विमानकंपनीच्या पर्यावरणाच्या जाहिरातींमधली १९ पैकी १५ विधानं दिशाभूल करणारी ठरवली, त्यात झाडं लावून भरपाई करण्याची भाषाही आली. मी ती बातमी फॅमिली ग्रुपवर टाकली. दाजींनी अंगठा दाखवला.

बरं, तुमच्या प्रश्नाकडं. मुंबई-लंडन जाऊनयेऊन इकॉनॉमीत माणशी साधारण पाऊण ते एक टन कार्बन डायऑक्साइड पडतो. एक किलो इंधन जळलं की तीन किलोहून थोडा जास्त गॅस निघतो, त्यामुळं हा आकडा मोठा वाटला तरी खरा आहे. एका सरासरी भारतीय माणसाचा वर्षभराचा सगळा मिळून सुमारे दोन टन. शिवाय विमानामागं जी पांढरी रेघ राहते तिचाही तापमानवाढीत हिस्सा असतो, तो या टनांत नाही आणि तुमच्या चौकोनातही बहुतेक नसतोच.

कमी करायचं तर कमी उडा, दुसरा इलाज नाही. लंडनला जाणारच असाल तर थेट विमान घ्या, आखातातून बदली करत गेलात तर एक टेकऑफ जास्त आणि वळसा वेगळा. दोन चकरा असतील तर एकच करा आणि जास्त दिवस राहा. ऑफिसच्या मीटिंगसाठी जात असाल तर व्हिडिओ कॉलवर भागवा. देशात मुंबई-गोवा, मुंबई-नागपूर असलं विमानानं करणाऱ्यांचं मला कळतच नाही, कोकण रेल्वे २०२२ पासून पूर्ण विजेवर आहे आणि रात्री झोपलं की सकाळी मडगाव. पर्यायी इंधनाचा गाजावाजा ऐकला असेल, मे २०२३ ला पुणे-दिल्ली फ्लाइट उडाली आपल्याकडच्या इंधनावर, प्राज आणि इंडियन ऑइलवाल्यांचं, पण मिश्रण होतं फार तर १ टक्का. सरकारचं उद्दिष्टही आंतरराष्ट्रीय फ्लाइटसाठी २०२७ ला १ टक्का, २०३० ला ५. चांगली गोष्ट आहे, पण तुमच्या पुढच्या तिकिटाला त्याचा उपयोग नाही. आणि ते इंधन सगळं उसाच्या इथेनॉलमधून काढायचं ठरलं तर पाणी कुणाचं जाणार हे मराठवाड्यातल्या माणसाला विचारा.

झाडं लावा की, पण विमानाशी त्यांचा हिशोब जोडू नका.

आता काही गोष्टी सांगायच्या राहिल्या, नाहीतर लोक अंगावर येतील. पवनचक्क्या वाईट आहेत असं मी म्हणत नाही, त्यांनी वीज केली आणि तेवढा कोळसा वाचला, माझं घरही त्यावर चाललं. तक्रार ती वीज दुसऱ्याच्या धुराची पावती म्हणून विकण्याला आहे. सगळी क्रेडिट बोगस नसतात, कचरा डेपोतला मिथेन गोळा करून जाळणं वगैरे कामात दुसरी कमाई फारशी नसते, तिथं हा पैसा खरंच कामी येऊ शकतो, पण तिकिटाच्या चौकोनात प्रकल्प निवडायला मिळतोच असं नाही. कोर्सिया म्हणून जी आंतरराष्ट्रीय योजना आहे ती वेगळी, तिच्यात आंतरराष्ट्रीय विमानांचं उत्सर्जन २०१९ च्या ८५ टक्क्यांच्या वर जाईल तेवढ्यासाठी एअरलाइनलाच क्रेडिट घ्यावी लागतात, भारतातल्या कंपन्यांना ते २०२७ पासून लागू होतंय. आणि घरी कुणी आजारी असेल, लग्नकार्य असेल तर खुशाल विमानानं जा, त्यात अपराधी वाटून घ्यायचं काही कारण नाही. २०१८ मध्ये जगातल्या जेमतेम ११ टक्के लोकांनी विमानप्रवास केला, त्यातही निम्मा धूर मूठभर सारखं उडणाऱ्यांचा.

बिझनेस क्लासची सीट जागा जास्त खाते म्हणून तिचा वाटा इकॉनॉमीच्या साधारण तिप्पट धरतात. दाजी बिझनेसनं येतात. त्यांच्या सर्टिफिकेटवर टन एका सीटचे धरले होते की तिनाचे, हे मी त्या दिवाळीलाच विचारलं होतं, अजून सांगितलेलं नाही. दाजी, वाचत असाल तर इथंच सांगा, ताईला मध्ये घालू नका.