एमपी३ गाण्यांची सीडी लॅपटॉपवर वाजते, पण कारचा स्टिरिओ ‘एरर’ दाखवून बाहेर टाकतो. कोणत्या फॉर्मॅटमध्ये बर्न करू?

गाण्यांच्या फाइल एमपी३ असल्या म्हणजे सीडीही कारच्या स्टिरिओला वाचता येईल अशीच बनते, असं नाही. लॅपटॉपवर वाजणारी आणि गाडीत न वाजणारी सीडी हातात येते तेव्हा बहुतेक वेळा गाणी ठीक असतात, ती सीडीवर ज्या पद्धतीने लिहिली गेली ती पद्धत चुकलेली असते. म्हणून नवी सीडी खर्ची घालण्याआधी जुनी तपासा. ती लॅपटॉपमध्ये घाला, ड्राइव्हच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडा आणि ‘फाइल सिस्टीम’पुढे काय लिहिलंय ते बघा. तिथे ‘यूडीएफ’ (डिस्कवर फाइल मांडण्याची एक पद्धत) असेल तर पुढे शोधायची गरज नाही, बिघाडाचं कारण सापडलं.

कोरी सीडी घातल्यावर विंडोज विचारतं, ही डिस्क कशी वापरायची आहे? पहिला पर्याय असतो ‘लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह’. तो सोयीचा वाटतो, कारण पेन ड्राइव्हसारख्या फाइल टाकता येतात, काढता येतात. पण त्यासाठी विंडोज यूडीएफ वापरतं, आणि कार स्टिरिओंना ते सहसा वाचता येत नाही. त्यांना कळते ती आयएसओ ९६६० ही जुनी, साधी मांडणी आणि बहुतेकांना तिची जोलिएट ही लांब नावांची पुरवणी. म्हणून दुसरा पर्याय घ्या, ‘विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर’. अशी सीडी बर्न झाल्यावर प्रॉपर्टीजमध्ये ‘सीडीएफएस’ दिसेल, विंडोज याच जुन्या मांडणीला त्या नावाने ओळखतं.

आता स्टिरिओचा दर्शनी भाग बघा. तिथे ‘एमपी३’ किंवा ‘डब्ल्यूएमए’ ही इंग्रजी अक्षरं छापलेली असतील तर एमपी३ सीडी चालेल. फक्त ‘कॉम्पॅक्ट डिस्क डिजिटल ऑडिओ’चा लोगो असेल, तर त्या स्टिरिओला फाइल ही गोष्टच माहीत नाही. त्याला ऑडिओ सीडीच लागेल, म्हणजे दुकानात विकत मिळणाऱ्या संगीताच्या सीडीसारखी.

या दोन प्रकारांत फरक मोठा आहे. ऑडिओ सीडीत फाइल नसतात, आवाजाचे कच्चे आकडे सलग लिहिलेले असतात : ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनल. त्यात जागा खूप जाते, त्यामुळे ७०० एमबीच्या सीडीवर ८० मिनिटंच बसतात, गाण्यांमधली मोकळी जागा धरून. मी ७८ मिनिटांवर थांबायला सांगेन. शेवटची दोन मिनिटं अगदी बाहेरच्या कडेला जातात आणि वाचताना पहिली अडचण तिथेच येते. एमपी३ सीडी ही साधी डेटा सीडी असते, तिच्यावर १२८ केबीपीएस बिटरेटने (म्हणजे गाण्याच्या एका सेकंदाला १२८ किलोबिट) सुमारे साडेबारा तास, १९२ ने साडेआठ तास आणि ३२० ने पाच तासांची गाणी मावतात.

ऑडिओ सीडी करायला गाणी आधी वेव्ह फाइलमध्ये बदलत बसू नका, बर्न करणारं सॉफ्टवेअर ते स्वतः करतं. मात्र एमपी३ वरून ऑडिओ सीडी केल्याने आवाज सुधारत नाही. एमपी३ करताना गेलेलं परत येत नाही.

विंडोज मीडिया प्लेअरमध्ये (विंडोज ११ वर तो ‘लेगसी’ नावाने आहे) उजवीकडचा ‘बर्न’ टॅब उघडा. त्यातल्या पर्यायांच्या छोट्या मेनूत ‘ऑडिओ सीडी’ आणि ‘डेटा सीडी’ असे दोन पर्याय आहेत, त्यातला हवा तो निवडा. त्याच मेनूतून ‘मोअर बर्न ऑप्शन्स’मध्ये जा आणि वेग कमी करा. डेटा सीडी करत असाल तर तिथलं प्लेलिस्टची फाइल डिस्कवर टाकण्याचं टिकमार्क काढा, स्टिरिओला तिचा उपयोग नसतो. मॅकवर ‘म्युझिक’ अ‍ॅपमध्ये प्लेलिस्ट बनवून ती डिस्कवर बर्न करता येते. तिथे ‘एमपी३ सीडी’ निवडली तर प्लेलिस्टमधली फक्त एमपी३ गाणी जातात, एएसी या दुसऱ्या फॉर्मॅटमधली गाणी वगळली जातात. अर्धीच गाणी आली तर तिथे बघा. लिनक्सवर ‘के३बी’ हे बर्न करणारं सॉफ्टवेअर ऑडिओ आणि डेटाचे वेगवेगळे प्रोजेक्ट देतं, गोंधळाला वावच नाही.

डिस्क घ्यायची ती सीडी-आर. सीडी-आरडब्ल्यू पुन्हा पुन्हा वापरता येते म्हणून मोह होतो, पण तिचा पृष्ठभाग लेसरचा प्रकाश सीडी-आरच्या मानाने बराच कमी परत पाठवतो. जुन्या स्टिरिओची लेन्स त्याच्यावर काही वाचू शकत नाही आणि डिस्कच नाही असं सांगते. डीव्हीडी-आर सीडीच्या स्टिरिओत कधीच चालणार नाही. ९० किंवा ९९ मिनिटांच्या जादा क्षमतेच्या सीडी टाळा, लेसर ज्यांवरून वाचत जातो ते मार्ग त्यांच्यावर जास्त जवळजवळ असतात. ८ सेंटिमीटरची छोटी सीडी फटीतून आत जाणाऱ्या स्टिरिओत चुकूनही घालू नका, ती आत अडकते.

बर्न करण्याचा वेग १६एक्स, म्हणजे गाणी वाजण्याच्या वेगाच्या १६ पट, ठेवा. ‘जितका हळू तितका चांगला’ हा सल्ला जुन्या डिस्कसाठी बरोबर होता. आजच्या ५२एक्सच्या डिस्कचा रंगाचा थर वेगवान लेखनासाठी बनवलेला असतो, ती २एक्स किंवा ४एक्सने लिहिली तर उलट जास्त चुका येऊ शकतात. १६एक्सने भरलेली सीडी पाच-सहा मिनिटांत होते. ५२एक्सने वाचवलेली दोन-तीन मिनिटं गाडीत गाणी अडकण्यात वसूल होतात.

सीडी एकाच बैठकीत पूर्ण लिहा आणि बंद करा. सॉफ्टवेअरमध्ये याला ‘फायनलाइज’ किंवा ‘क्लोज डिस्क’ म्हणतात, आणि ऑडिओ सीडीसाठी ‘डिस्क-अ‍ॅट-वन्स’ हा, लेसर मध्ये न थांबता सगळी डिस्क सलग लिहिण्याचा, पर्याय घ्यावा. उघडी ठेवलेली सीडी संगणकाचा ड्राइव्ह वाचतो, कारण तो अपुरी यादीही जुळवून घेतो. स्टिरिओ मात्र सुरुवातीच्या सूचीवर अवलंबून असतो, ती नसेल तर थोडा वेळ शोधून सोडून देतो. तुमचा स्टिरिओ घरघर करून सीडी बाहेर टाकतो, ते याही कारणाने असू शकतं. ‘उरलेल्या जागेत नंतर टाकू’ हा विचार सोडा. डिस्क-अ‍ॅट-वन्सचा आणखी एक फायदा : मैफलीचं सलग रेकॉर्डिंग ट्रॅकमध्ये तोडलं असेल तर गॅप शून्य करून ते न तुटता वाजतं. एमपी३ सीडीत हे जमत नाही, दोन फाइलमध्ये क्षणभर शांतता येतेच.

एमपी३ सीडी करताना फाइलही सरळ असू द्या. ४४.१ किलोहर्ट्झ आणि १९२ केबीपीएस, स्थिर बिटरेट. व्हेरिएबल, म्हणजे गाण्यात कमीजास्त होणारा, बिटरेट बहुतेक स्टिरिओ वाजवतात, पण वेळेचा आकडा चुकतो आणि पुढे सरकवताना गाणं भलतीकडे जातं. एम४ए, एफएलएसी अशा फाइल आधी एमपी३ मध्ये रूपांतरित करा, नुसतं नावाचं शेपूट बदलून ‘.एमपी३’ केल्याने आतला मजकूर बदलत नाही. ऑडिओ सीडीवरून गाणी घेताना दिसणाऱ्या ‘.सीडीए’ फाइल कॉपी करू नका. त्यांचा आकार बघा, जेमतेम ४४ बाइट. त्या गाणं कुठे सुरू होतं एवढंच सांगतात. गाणी रिप करावी लागतात, म्हणजे सॉफ्टवेअरने सीडीवरून वाचून फाइलमध्ये उतरवावी लागतात. स्ट्रीमिंग अ‍ॅपमधले डाउनलोडही चालत नाहीत, ते कुलूपबंद असतात.

नावं इंग्रजी अक्षरांत, छोटी ठेवा आणि पुढे ०१, ०२ असे दोन अंक लावा, तेही इंग्रजी अंकांत. शून्य न लावल्यास १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लागतो. देवनागरी नावं बऱ्याच स्टिरिओंच्या पडद्यावर चौकोन किंवा प्रश्नचिन्हं होऊन दिसतात, गाणं वाजतं, पण शोधता येत नाही. हेच टॅगलाही, म्हणजे फाइलच्या आत लिहिलेल्या गाण्याच्या माहितीलाही, लागू आहे, त्यासाठी आयडी३ या टॅगपद्धतीची २.३ आवृत्ती सर्वात कमी त्रास देते. टॅगमध्ये मोठं अल्बमचित्र असेल तर काढून टाका, स्टिरिओला प्रत्येक गाण्याआधी ते ओलांडून जावं लागतं. फोल्डर एकाच पातळीवर ठेवा. फोल्डर आणि फाइलची कमाल संख्या स्टिरिओच्या पुस्तिकेत दिलेली असते, ती ओलांडली तर शेवटची गाणी दिसतच नाहीत.

एक गाणं हळू आणि पुढचं कानठळ्या बसवणारं, हा त्रास रस्त्यावर लक्ष उडवणारा आहे आणि बर्न करण्याआधीच मिटवता येतो. ‘एमपी३गेन’ हे सॉफ्टवेअर फाइलमधली आवाजाची पातळी १.५ डेसिबलच्या पायऱ्यांनी बदलतं, गाणं पुन्हा एन्कोड न करता. त्यातलं ८९ डेसिबल हे ठरलेलं लक्ष्य तसंच राहू द्या. नुसते रिप्लेगेनचे (आवाज किती कमीजास्त करायचा हे प्लेअरला सांगणारे) टॅग लावणारी सॉफ्टवेअर इथे कामाची नाहीत, बहुतेक कार स्टिरिओ ते टॅग वाचत नाहीत.

नवी सीडी झाल्यावरही अडलं तर लक्षणांवरून ओळखा. एकच ट्रॅक दिसतो आणि शांतता किंवा खरखर ऐकू येते : स्टिरिओला एमपी३ कळत नाही, ऑडिओ सीडी करा. सुरुवातीची गाणी छान आणि शेवटची अडखळतात : सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे बाहेरची कड खराब लिहिली गेली, वेग बदला, भरणा कमी करा, दुसऱ्या ब्रँडची डिस्क घ्या. नेमकं एकच गाणं टाळलं जातं : त्या फाइलचा बिटरेट किंवा सॅम्पल रेट तपासा. विकत घेतलेली मूळ सीडीसुद्धा वाजत नसेल, तर दोष लेन्सचा आहे, बर्न करण्याचा नाही. म्हणून ही शेवटची चाचणी मी तर सर्वात आधी करायला सांगेन.

सीडीवर कागदी लेबल कधीही चिकटवू नका. उन्हात तापलेल्या गाडीत गोंद सैल होतो, कोपरा उचकटतो आणि सीडी स्टिरिओच्या आत अडकते. मग डॅशबोर्ड उघडावा लागतो. नाव लिहायचं तर सीडीसाठीच्या मऊ टोकाच्या मार्करने वरच्या बाजूला. बॉलपेन नको, कारण गाण्यांचा थर खाली नसून त्या छापील बाजूच्या अगदी लगत असतो, आणि ओरखडा तिथून सरळ आत जातो. सीडी-आरचा रंग उन्हाने फिका पडतो, म्हणून ती डॅशबोर्डवर उघडी ठेवू नका. फोल्डर लॅपटॉपवर तसाच राहू द्या, म्हणजे सीडी खराब झाली तर दुसरी लगेच काढता येईल.