वाचकांचे प्रश्न : सहनशक्तीचे खेळ आणि वजनाचा काटा

प्रश्न : माझे वय ४१, उंची १७२ सेंटिमीटर. गोव्यातील ‘आयर्नमॅन ७०.३’ या पोहणे, सायकल आणि धावणे अशा सलग स्पर्धेला चौदा आठवडे उरले आहेत. आठवड्याला नऊ तास सराव होतो. रात्रीचे जेवण बंद करून वजन ८४ वरून ८० किलोवर आणले. पण महिनाभर काटा हललेला नाही आणि रविवारी सायकलवर पन्नास किलोमीटरनंतर पायांतले त्राणच जाते. स्पर्धेपर्यंत ७० किलो व्हायचे, तर आणखी काय बंद करावे? (सातारा)

उत्तर : आणखी काहीही बंद करू नका आणि रात्रीचे जेवण आजपासून पुन्हा सुरू करा. एक किलो चरबी उतरायला साधारण ७,७०० कॅलरींची तूट लागते. म्हणजे दहा किलोंसाठी तुम्हाला चौदा आठवडे रोज सुमारे ७९० कॅलरी कमी पडू द्याव्या लागतील, आणि १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल व २१.१ किलोमीटर धावणे यांची तयारी चालू असताना एवढी तूट सोसली, तर चरबीबरोबर स्नायूही झिजू लागतात. पहिले आठ आठवडे रोज चारशे कॅलरी कमी करा, म्हणजे सुमारे तीन किलो उतरतील. चार कप चहातली आठ चमचे साखर आणि संध्याकाळचे वाटीभर फरसाण सोडले, की एवढ्या कॅलरी जवळपास वाचतात. शेवटचे सहा आठवडे मात्र पोटभर जेवा.

हे तीन किलो कामी येतील ते मुख्यतः धावताना. पाणी शरीराला तोलून धरते, सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची खरी झुंज वाऱ्याशी असते आणि वजन जाणवते ते चढावर. धावताना मात्र प्रत्येक पावलाला ते उचलावे लागते, शिवाय जड शरीरात उष्णता जास्त निर्माण होते आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम लवकर सुकत नसल्याने ती बाहेर पडत नाही.

सायकलवर काय खाता, याचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही, आणि पन्नास किलोमीटरचे कोडे बहुधा तिथेच सुटते. शनिवारी रात्री उपाशी झोपून रविवारी पहाटे निघालात, तर स्नायूंतला ग्लायकोजेनचा, म्हणजे कर्बोदकांपासून बनवून ठेवलेल्या इंधनाचा, साठा अपुराच असणार. निघण्याच्या दोन तास आधी पोहे किंवा उपमा खा आणि सायकलवर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात जाऊ द्या : एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात, आणि अर्धा लिटर लिंबू सरबतात ३० ग्रॅम साखर व चिमूटभर मीठ घातले की हिशेब जवळपास पुरा होतो. शेंगदाण्याची चिक्की खिशात घालून निघणारे पुष्कळ भेटतात. तिच्यातले स्निग्ध पदार्थ पचायला वेळ लागतो, म्हणून ती घरी परतल्यावर खावी.

काटा वापरायचाच, तर तासभर धावण्याच्या आधी आणि नंतर, अंग पुसून, कपड्यांशिवाय वापरा. ८०.० चे ७९.१ झाले आणि मध्ये ३०० मिलिलिटर पाणी प्यायला असाल, तर घाम १.२ लिटर गेला. ती चरबी नव्हे. उलट वजन वाढले असेल, तर गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलात, आणि त्याने रक्तातले सोडियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. स्पर्धेआधीच्या दोन-तीन दिवसांत भात-बटाटा वाढवल्यावर काटा किलोभर वर जाईल. ग्लायकोजेनचा प्रत्येक ग्रॅम सुमारे तीन ग्रॅम पाणी सोबत साठवतो, त्यामुळे घाबरून जेवण तोडू नका.

प्रश्न : वय २९. त्याच स्पर्धेच्या तयारीत वजन ५४ वरून ४८ किलो झाले. चार महिने पाळी आलेली नाही आणि नडगीचे हाड एकाच जागी दुखते. सराव वाढला की असे होतेच, असे मैत्रिणी म्हणतात. (पुणे)

उत्तर : मैत्रिणींचे ऐकू नका. सराव खर्च करतो त्या मानाने अन्न कमी पडले, की शरीर आधी पाळीसारख्या गोष्टींवरचा खर्च थांबवते आणि पाठोपाठ हाडे कमकुवत होऊ लागतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन खेळाडूंना सावध केले, आणि ती पुरुषांतही आढळते. गर्भधारणा आणि थायरॉइडच्या तपासण्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडून या आठवड्यातच करून घ्या. एकाच जागी दुखणारी नडगी हे हाडाला बारीक चीर गेल्याचे लक्षण असू शकते, म्हणून अस्थिरोगतज्ज्ञांनी पाहीपर्यंत धावणे पूर्ण बंद ठेवा.