वाचकांचे प्रश्न : आमिशांना काय वाटतं, लोक आपल्याला काय समजतात?

गेल्या अंकात अमेरिकेतल्या आमिश लोकांवर (जुन्या साध्या रीतीने, जगापासून थोडा वेगळा राहणारा ख्रिस्ती पंथ) सचित्र लेख छापला होता. बग्गी, दाढी, वीज नसलेली घरं हे सगळं त्यात होतं. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांचा रोख एकच होता : बाहेरचे लोक त्यांना काय समजतात ते कळलं, पण आपल्याला लोक काय समजतात याबद्दल त्यांची स्वतःची समजूत काय? निवडक प्रश्नांना उत्तरं देत आहोत.

पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरला रस्त्याकडेच्या टपरीवर भाजी घेत होतो. टपरीवरचे आजोबा नातवाशी त्यांच्या भाषेत बोलले. त्यातला ‘इंग्लिश’ एवढाच शब्द कळला, पण तो आमच्याबद्दल होता हे नक्की. आम्ही तर मूळचे साताऱ्याचे! (एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी)

तुमच्याबद्दलच होता. जो आमिश नाही तो ‘इंग्लिश’. मग तो आयरिश असो, चिनी असो की सातारकर. दीडशे वर्षं इंग्रजांचं राज्य सोसलेल्यांना ही पदवी मिळावी हा विनोदच, पण तो शब्द हेटाळणीचा नाही. घरात ते डाइच बोलतात, ही जर्मनची बोली. प्रार्थनेला लूथरच्या बायबलचं जर्मन असतं, आणि इंग्रजी शाळेत व बाहेरच्यांशी. म्हणजे जो इंग्रजीतून भेटतो तो इंग्लिश, इतकं साधं आहे ते.

मात्र या शब्दामागे एक रेघ आहे. रोमकरांस पत्रातलं ‘या युगाबरोबर समरूप होऊ नका’ हे वचन (अध्याय १२, ओवी २) आमिश मूल कळायला लागल्यापासून ऐकतं. त्यामुळे बाहेरचे आपल्याकडे वळून बघणार, बोटं दाखवणार, हे त्याने आधीच धरलेलं असतं. कोणी वळून बघितलंच नाही, तर मात्र वडीलधाऱ्यांना काळजी वाटेल.

लोक आपल्याला मागासलेले, अडाणी म्हणतात हे त्यांना माहीत असतं का? वाईट नाही वाटत? (एक वाचिका, नाशिक)

पक्कं माहीत असतं. पण त्या टोमण्याची तयारी त्यांच्याकडे पाचशे वर्षांची आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय बाकी काही उलगडत नाही.

आमिश हे ॲनाबॅप्टिस्ट पंथाची फांदी. अर्भकाचा बाप्तिस्मा खरा नव्हे, माणसाने जाणत्या वयात स्वतः विश्वास कबूल करून घेतला तोच खरा, असं म्हणत १५२५ मध्ये झ्युरिकमध्ये काही जणांनी एकमेकांना पुन्हा बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला लिमाट नदीत बुडवून मारलं. १५६९ मध्ये नेदरलँड्समध्ये डर्क विलेम्स बर्फावरून पळत होता. पाठलाग करणारा शिपाई बर्फ फुटून पाण्यात पडला, तेव्हा हा मागे फिरला, त्याला बाहेर काढलं, आणि त्यामुळेच पकडला जाऊन जाळला गेला. ही कथा १६६०च्या ‘हुतात्म्यांचा आरसा’ या जाडजूड डच ग्रंथात आहे आणि तो ग्रंथ आजही अनेक आमिश घरांत असतो. त्यांच्या ‘आउसबुंड’ या भजनपोथीतली जुनी पदं जर्मनीतल्या पासाऊच्या किल्ल्यातल्या ॲनाबॅप्टिस्ट कैद्यांची आहेत. दर उपासनेत दुसरं म्हणायचं पद ठरलेलं असतं. चाल इतकी संथ, की चार कडव्यांना वीसेक मिनिटं लागतात.

हे ऐकत वाढलेल्या माणसाला ‘अडाणी’ म्हटलं तर तो मनात म्हणतो, चला, आपण वाटेवर आहोत. टोमणा हे प्रमाणपत्रच ठरतं. टोमण्यावर थांबत नाही तेव्हाही. १९७९ मध्ये इंडियानातल्या बर्नजवळ पोरांनी बग्गीवर फेकलेला टाइलचा तुकडा लागून एक तान्हं बाळ दगावलं. कुटुंबाने राग धरला नाही.

खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची असते, कौतुकाची. त्यांच्या लेखी सर्वांत मोठा दोष ‘होखमूट’, म्हणजे गर्व. त्याविरुद्धचा गुण ‘गेलासनहाइट’. याला मराठीत नेमका शब्द नाही. शरण जाणं, हट्ट सोडणं, शांतपणे स्वीकारणं, हे तिन्ही त्यात आहे. आता विचार करा, दर उन्हाळ्यात पर्यटकांच्या बसगाड्या दारात येऊन ‘किती साधे, किती पवित्र!’ म्हणू लागल्या तर? साधेपणाचाच गर्व चढायची पंचाईत. टोमण्याला पोथीत उत्तर आहे, कौतुकाला नाही.

२००६ साली हे सगळ्या जगासमोर आलं. २ ऑक्टोबरला लँकेस्टर काउंटीतल्या निकेल माइन्सच्या एकखोली शाळेत एका बाहेरच्या माणसाने दहा मुलींना गोळ्या घातल्या. पाच दगावल्या आणि त्याने स्वतःलाही संपवलं. त्याच दिवशी आमिश शेजारी त्याच्या बायकोला भेटायला गेले. त्याच्या दफनाला जमलेल्यांत निम्म्याच्या आसपास आमिश होते. जगभर क्षमेची स्तुती झाली आणि ती अनेक आमिशांना बोचली. क्षमा काही एका दुपारी आटपत नाही, आम्हीही रोज झगडतो, आम्हाला वर चढवून ठेवू नका, असं त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी बोलून दाखवलं. दहा दिवसांत शाळा पाडून टाकली आणि तिथे हिरवळ केली. स्मारक नाही, पाटी नाही.

स्वतःची मोटार नको, पण भाड्याच्या व्हॅनमध्ये बसायला हरकत नाही. घरात फोन नको, पण गल्लीच्या टोकाला चालतो. याला दांभिकपणा नाही तर काय म्हणायचं? (एक वाचक, पुणे)

‘इंग्लिश’ लोक हेच म्हणतात, हे त्यांना पाठ आहे. त्यांचं म्हणणं असं, की बाहेरच्यांचा प्रश्नच चुकतो. ‘ही वस्तू नवी आहे का’ हे ते विचारत नाहीत. ‘ही आली तर मंडळीचं काय होईल’ हे विचारतात.

मंडळी म्हणजे साधारण २० ते ४० कुटुंबं. चर्चची इमारत नसते. एक आड एक रविवारी कोणाच्या तरी घरी उपासना, सुमारे तीन तास, आणि बाकं एका खास गाडीतून घरोघर फिरतात. घोडागाडीच्या टप्प्यात राहाल तरच हे जमतं. मोटार दारात आली, की माणूस लांबची नोकरी धरतो, मग लांब राहायला जातो. भाड्याची गाडी मात्र आधी ठरवावी लागते, पैसे मोजावे लागतात, म्हणून ती गरजेपुरतीच वापरली जाते. फोनचंही तसंच. लाकडी खोपटात फोन आणि निरोप टेपणारं यंत्र असतं. सुतार संध्याकाळी जाऊन निरोप ऐकतो आणि उलट फोन करतो. जेवताना घंटी वाजत नाही, हाच त्यातला मुद्दा.

वीज त्यांना वर्ज्य नाही, बाहेरून घरात येणारी तार वर्ज्य आहे. लँकेस्टरच्या कारखान्यात डिझेल इंजिन हवा दाबतं आणि त्या दाबावर करवती व रंधे चालतात. घरात दिवा बॅटरीवर, फ्रिज प्रोपेन गॅसवर. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डेअऱ्यांनी गार टाक्यांची अट घातली, तेव्हा मंडळींनी डिझेलवर चालणारं शीतयंत्र आणि दूध ढवळायला १२ व्होल्टची बॅटरी मान्य केली, पण रविवारी दूध उचलायला साफ नकार दिला. हे नियम, म्हणजे ‘ऑर्डनुंग’, बहुधा कागदावर नसतात. वर्षातून दोनदा, प्रभुभोजनाच्या आधी, सगळे त्याला पुन्हा होकार देतात. म्हणून शेजारच्या दोन मंडळींत फरक दिसतो आणि आपल्याला तो घोळ वाटतो.

आमचं मत विचाराल तर दांभिक हा शब्द इथे लागू नाही. दांभिक माणूस लपवतो. ही तडजोड तर उघड्यावर, खोपट बांधून उभी आहे.

मुलांना आठवीनंतर शाळेतून काढतात. सरकारला हे चालतं कसं? (निवृत्त शिक्षिका, कराड)

सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ खटल्यात मान्यता दिली. विस्कॉन्सिनमध्ये तीन वडिलांना प्रत्येकी ५ डॉलर दंड झाला होता. गंमत अशी, की आमिश कोर्टाची पायरी चढत नाहीत, वकील देत नाहीत. ही लढाई एका लूथरन पाद्र्याने उभी केलेल्या बाहेरच्या समितीने लढवली. म्हणजे ‘इंग्लिशां’पासून वेगळं राहण्याचा हक्क ‘इंग्लिशां’नीच मिळवून दिला. न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः वेगळं मत दिलं : आईबापांचं ऐकलंत, मुलांना कोणी विचारलं? हा सवाल अजून शिळा झालेला नाही.

त्यांच्यात सगळं गोड गोडच असतं का? (एक वाचक, ठाणे)

नाही. आणि ‘बाहेरचे आपल्याला काय समजतात’ ही समजूत इथेच घातक ठरते. घरात किंवा मंडळीत लैंगिक अत्याचार झाला, की ‘पोलिसांना आपली रीत कळणार नाही, तमाशा होईल’ म्हणून प्रकरण आतच मिटवायचं. गुन्हेगाराने सर्वांसमोर पाप कबूल केलं, सहा आठवडे बहिष्कार भोगला, की क्षमा; आणि मुलीनेही क्षमा करायची, पुन्हा विषय काढायचा नाही. अशी प्रकरणं अलीकडच्या वर्षांत कोर्टात गेली आहेत आणि काही वडीलधाऱ्यांवर माहिती दडवल्याचे गुन्हेही दाखल झाले आहेत. पर्यटकांच्या कौतुकाचा याला हातभारच लागतो. ज्याला सगळे संत म्हणतात, त्याच्याविरुद्ध तक्रार करायला चौदा वर्षांच्या मुलीने कुठून बळ आणायचं?

ते कर भरत नाहीत म्हणे? (एक वाचक, कोल्हापूर)

भरतात. आयकर, मालमत्ता कर, विक्रीकर, सगळे. सूट आहे ती सोशल सिक्युरिटीची, स्वतःचा धंदा असणाऱ्यांना १९६५ पासून. म्हाताऱ्यांना मंडळी सांभाळते म्हणून ते ती वर्गणी देत नाहीत, पण पेन्शनही घेत नाहीत. ‘फुकटे’ हा शिक्का मात्र त्यांच्या मनाला खरोखर लागतो. बाकी टोमणे ते सोडून देतात, हा खोडून काढतात.

उन्हाळ्यात मंडळाची सहल नेणार आहोत, ३० जण. त्यांना त्रास न होता कसं वागावं? फोटोंचं काय? (मंडळाचे कार्यकर्ते, फिलाडेल्फिया)

सर्वांत आधी रस्ता. बग्गीचा वेग ताशी ८ ते १३ किलोमीटर. तुम्ही ताशी ९० ने असाल, तर पुढे १५० मीटरवर दिसलेली बग्गी सात सेकंदांच्या आत तुमच्या बॉनेटला टेकते. चढावरून पलीकडे उतरताना अपघात होतात ते यामुळे. दिसताक्षणी वेग कमी करा, हॉर्न वाजवू नका, रात्री दिवे खाली ठेवा. सिग्नलला मागे एक गाडीभर जागा सोडा, कारण घोडा दोन पावलं मागे येतो. पुढे काढताना भरपूर बाजूने काढा आणि लगेच समोर घुसू नका.

फोटो : समोरून चेहऱ्याचा नको, मुलांचा तर नकोच. कोरीव मूर्ती करू नको ही आज्ञा आणि गर्वाची भीती, दोन्ही त्यामागे आहे. शेत, कोठार, दोरीवरचे कपडे, दूर जाणारी बग्गी यांना सहसा कोणी हरकत घेत नाही. (गेल्या अंकातले आमचे सगळे फोटो पाठमोरे का, असं विचारणाऱ्यांनाही हेच उत्तर.) ‘विचारून काढतो’ म्हणून विचारूही नका. नाही म्हणणं त्यांना जड जातं, आणि हो म्हटलं तर उद्या मंडळीत उत्तर द्यावं लागतं.

रविवारी सगळं बंद असतं, शनिवारी जा. रोख जवळ ठेवा. किंमत लिहिलेली असते, घासाघीस करू नका. हे आपल्या लोकांना मुद्दाम सांगावं लागतं. ३० जण एकदम एका टपरीवर उतरू नका, पाच-सहांचे गट करा. शाळेच्या मधल्या सुट्टीत कुंपणाशी उभं राहणं हा सर्वांत वाईट प्रकार. आणि ‘तुम्ही सुखी आहात का?’, ‘टीव्हीशिवाय करमतं कसं?’ असले प्रश्न नकोत; ते त्यांनी हजारदा ऐकले आहेत. यंदा मका कसा आहे, घोडा किती वर्षांचा, या रजईला किती दिवस लागले, हे विचारा. मग माणूस बोलतो. अनेकदा उलट तोच विचारतो, तुमच्याकडे बैल अजून नांगराला जुंपतात का?

छत्तीसगडमधल्या धमतरीचे मेनोनाइट ख्रिस्ती आणि हे एकच का? (एक वाचक, नागपूर)

चुलत घराणं, दोघंही ॲनाबॅप्टिस्टच. अमेरिकन मेनोनाइट मिशनरी १८९९ मध्ये दुष्काळाच्या दिवसांत धमतरीला आले. आमिश त्याच घरातून १६९३ मध्ये याकोब अमान यांच्यामागे वेगळे झाले. बहिष्कार किती कडक पाळायचा यावरून फाटलं. आमिश सहसा धर्मप्रसाराला जात नाहीत, म्हणून ते आपल्याकडे दिसत नाहीत.

शेजारी आमिश कुटुंब आहे. दिवाळीचा फराळ दिला तर चालेल का? (एक वाचिका, होम्स काउंटी, ओहायो)

खुशाल द्या. खाण्यापिण्यावर धर्माची बंधनं नाहीत. चिवड्यात मिरची बेतानेच घाला, त्यांचं जेवण आंबटगोड असतं. चकलीची ओळख करून द्यावी लागणार नाही, प्रेट्झेल त्यांच्याच मुलखातलं. डबा बहुधा रिकामा परत येणार नाही. त्याचा फोटो काढायचा तर डब्याचा काढा, देणारीचा नको.